ॲप कुठलं घ्यायचं?

देवळीकडे शेत बघायला निघालेले मित्र हमखास विचारतात, "मोबाईलवर नकाशाचं ॲप कुठलं टाकू?" (शिकारीसाठी नव्हे हो, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आज तो गुन्हा आहे!) उत्तर द्यायला जरा इतिहासात शिरावं लागतं.

मंडळी, आपल्याकडे नकाशांची घराणी दोन. पहिलं, देश मोजणाऱ्यांचं. 1802 साली मद्रासहून त्रिकोण आखत निघालेला विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये आपल्याच वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. डोंगर, नद्या, उंची हा त्या घराण्याचा प्रांत. दुसरं, शेतसाऱ्यासाठी शंकू-साखळीने जमीन मोजणाऱ्यांचं. साखळी 33 फुटांची, म्हणून गुंठा 33 बाय 33 फूट. बांध आणि गट नंबर यांच्याकडे.

गूगल मॅप्स वगैरे पहिल्या घराण्यातले. रस्ता, नाला बघायला झकास. फक्त ऑफलाइन चालतं ना, ते तपासा. गटाचा आकार हवा तर सरकारचं महाभूनकाशा उघडा. पण बांधावर उभं राहून निळ्या ठिपक्याच्या जोरावर भांडू नका. फोनचं जीपीएस उघड्यावरही साधारण 5 मीटर चुकू शकतं, म्हणजे चक्क अर्धी साखळी! इसार देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या. तिथे ॲपचं काही चालत नाही.