राजाला मान द्यावा, मुद्रा देऊ नये : नरेंद्र कवी आणि रामदेवराय

पीएचडीच्या तयारीत तुम्हाला 'मानद लेखकत्व' हा शब्द भेटेलच. काम न केलेल्या वजनदार माणसाचं नाव शोधनिबंधावर लेखक म्हणून घालणं, हा त्याचा अर्थ. आपल्या विज्ञानवाल्यांना हा आजचा आजार वाटतो. पण मराठीत हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच विचारला गेलाय आणि त्याचा धागा अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरशी जुळतो.

वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, अशी परंपरा आहे. भाऊ रुक्मी तिला चेदीच्या शिशुपालाला द्यायला निघाला होता. शिशुपालाच्या पाठीशी जरासंधासारखा बलाढ्य राजा. तरी तिने कृष्णालाच निरोप धाडला. राजेमहाराजांच्या गोतावळ्यापुढे न झुकलेल्या या मुलीवर तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्र कवीने 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं.

पुढची हकिकत महानुभावांच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात येते. देवगिरीच्या रामदेवराय यादवाला हे काव्य फार आवडलं. त्यावर माझी मुद्रा, म्हणजे माझं नाव घाला, ओवीमागे सोन्याचं नाणं देतो, असं तो म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. आमच्या कविकुळाला बोल लागेल, हे त्याचं कारण. पुढे तो महानुभाव पंथात आला.

आता संशोधक म्हणून दोन गोष्टी तपासा. एक, 'स्मृतिस्थळ' हा पंथाचा ग्रंथ आहे. पंथात आलेल्या कवीचा मोठेपणा सांगणं त्याला सोयीचंच आहे, आणि दरबाराची बाजू त्यात नाही. दोन, नरेंद्राच्या तोंडी 'देवाचं भय' हे शब्द नाहीत, कुळाची अब्रू आहे. कृष्णाची कथा राजाच्या नावावर करणं त्याला देवाचा अपराध वाटलं असेल, हा माझा अर्थ. पुरावा कुठे संपला आणि अर्थ कुठे सुरू झाला, ते असं वेगळं सांगायची सवय आत्तापासूनच लावा.

मग राजाचं नाव घेणंच वाईट का? तसं नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ. स. १२९०ची. तिच्या शेवटी याच रामदेवरायाचा न्यायी राजा म्हणून आदराने उल्लेख आहे. पण ग्रंथ कुणाच्या कृपेचा, हे सांगताना ज्ञानेश्वर निवृत्तिनाथांकडेच जातात. यादवांचा मंत्री हेमाद्री याने तर 'चतुर्वर्गचिंतामणी'त राजवंशाची प्रशस्तीच लिहिली. तरी ग्रंथ हेमाद्रीच्याच नावावर राहिला. म्हणजे एकाच दरबाराभोवती तीन वाटा दिसतात: आदराने उल्लेख, उघड स्तुती आणि कर्तेपणच देऊन टाकणं. नरेंद्र अडला तो तिसऱ्या वाटेवर. राजाचा मान राखायला त्याची हरकत होती, असं कथेत कुठेच नाही.

तुमच्याकडेही कधीतरी ही मागणी येईल. ती सोन्याच्या नाण्यांसह येणार नाही. फेलोशिपचं पत्र, प्रयोगशाळेतली जागा, एखादी सही अशा रूपात येईल. ज्यांनी मदत केली त्यांना आभारांत मनापासून जागा द्या, पदाचा मान राखा. पण लेखकांच्या ओळीत नाव घालण्याआधी विचारा, या माणसाने यातलं नेमकं काय केलं? आणि हे लेखन सुरू होण्याआधीच विचारा. काव्य पूर्ण झाल्यावर राजाला नाही म्हणणं फार अवघड असतं.