भयपटांचे राखणदार

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक हा एक आहे. शृंगार आणि वीर यांच्या पंक्तीला भय कसें बसलें, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. जें जन्मभर टाळावयाचें, तेंच पैसे देऊन पाहावयास माणूस कां जातो? शास्त्रकारांचें उत्तर असें कीं, रंगभूमीवरील भय प्रेक्षकाच्या जिवावर येत नाहीं, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो. या आस्वादाचें आणखी एक लक्षण आहे. भुताची गोष्ट ऐकून जें मूल रात्रीं पांघरुणांत तोंड लपवितें, तेंच सकाळीं ती गोष्ट शेजारच्या सोबत्याला सांगावयास धांवत जातें. भ्यालेल्या माणसाला सोबत लागते. चित्रपटाच्या इतिहासांत या साध्या स्वभावधर्मानें एक मोठें काम केलें आहे. निर्मात्यांनीं अडगळींत टाकलेले, टीकाकारांनीं हिणविलेले आणि प्रसंगीं सरकारनें जप्त केलेले भयपट ज्यांनीं जगविले, ते बहुतेक सारे ‘हा पाहिलास का?’ असें एकमेकांना विचारणारे साधे रसिक होते.

अमेरिकेंतील युनिव्हर्सल कंपनीनें १९३१ सालीं दोन बोलपट काढले. टॉड ब्राउनिंगचा ‘ड्रॅक्युला’ फेब्रुवारींत आला आणि जेम्स व्हेलचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ नोव्हेंबरांत. पहिल्यानें बेला लुगोसीला आणि दुसऱ्यानें बोरिस कार्लोफला एका वर्षांत जगप्रसिद्ध केलें. पुढें चारपांच वर्षें अशा चित्रपटांची चलती राहिली. परंतु १९३६ सालीं कंपनी लेमली पितापुत्रांच्या हातून गेली. इंग्लंडांतहि या चित्रपटांविरुद्ध ओरड होऊं लागली होती. नव्या चालकांनीं हा व्यवहार बंद केला. लुगोसीसारख्या नटाला काम मिळेना.

मग १९३८ सालीं लॉस एंजेलिसमधील एका लहानशा चित्रपटगृहानें हे दोन जुने बोलपट एकाच खेळांत लावले. नवें असें त्यांत कांहींच नव्हतें. तरी लोकांची रीघ लागली. ज्यांनीं ते पूर्वीं पाहिले होते त्यांनीं ज्यांनीं पाहिले नव्हते त्यांना ओढून आणलें. कंपनीचे डोळे उघडले. तिनें ही जोडी देशभर फिरविली, आणि १९३९ च्या जानेवारींत ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हा नवा चित्रपट लोकांपुढें ठेवला. त्यांत कार्लोफबरोबर लुगोसीहि होता. बाजार ज्याला मेलेला समजला होता, त्याला प्रेक्षकांच्या तोंडच्या शब्दानें पुन्हां उठविलें.

याहून मोठें पुनरुज्जीवन पुढें वीस वर्षांनीं झालें. युनिव्हर्सलचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक’ या नांवाखालीं १९५७ च्या ऑक्टोबरापासून अमेरिकेंतील गांवोगांवच्या दूरचित्रवाणी केंद्रांवरून दाखविले जाऊं लागले. रात्रीं उशिरां, प्रेतासारखा वेष केलेला एखादा सूत्रधार येई आणि चित्रपटाची प्रस्तावना करी. लॉस एंजेलिसमध्यें मायला नुर्मी या नटीनें ‘व्हँपायरा’ बनून ही प्रथा १९५४ सालींच पाडली होती. फिलाडेल्फियांत जॉन झॅकरले यानें ती लोकप्रिय केली. ज्यांचा जन्महि झाला नव्हता तेव्हांचे चित्रपट आतां शाळकरी मुलें आपल्या बैठकीच्या खोलींत पाहूं लागलीं. दुसऱ्या दिवशीं शाळेंत तोच विषय. पण शाळेंतले सोबती चार, आणि प्रश्न शंभर. हा नट कोण? हा मुखवटा कसा केला? असा आणखी कोणता चित्रपट आहे? या प्रश्नांना उत्तर देणारें कोणी घरांत नव्हतें.

तें उत्तर १९५८ च्या फेब्रुवारींत निघालेल्या एका मासिकानें दिलें. ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हें त्याचें नांव. प्रकाशक जेम्स वॉरन, संपादक फॉरेस्ट अ‍ॅकरमन. अ‍ॅकरमन यांचा जन्म १९१६ चा. अद्भुतकथांचीं मासिकें, चित्रपटांचीं छायाचित्रें, जाहिराती हें सारें ते बाळपणापासून जमवीत आले होते. पॅरिसच्या ‘सिनेमा ५७’ या नियतकालिकाचा अद्भुतपटांवरील एक अंक त्यांच्या हातीं आला. तो पाहून वॉरन यांना या मासिकाची कल्पना सुचली. एकच अंक काढून थांबावयाचें असा बेत होता. पण अंक हातोहात संपला, आणि जें एकदांच निघावयाचें तें पंचवीस वर्षें, म्हणजे १९८३ पर्यंत, निघत राहिलें.

या मासिकाची भाषा पोरकट होती. ओळीओळीला कोटी, पानापानाला उद्गारचिन्ह. विद्वानांनीं नाक मुरडावें असेंच तें होतें. परंतु त्याच्या छायाचित्रांच्या मागें अ‍ॅकरमन यांचा अफाट संग्रह होता, आणि त्याच्या पत्रव्यवहाराच्या पानांनीं दूरदूरच्या गांवांत एकटीं पडलेलीं मुलें एकमेकांना जोडलीं. कोणाला कोणता चित्रपट सर्वांत आवडला, कोणता फसवा निघाला, याची चर्चा तेथें मोकळेपणानें होई. १९६२ सालीं जो डांटी नांवाच्या एका किशोरवयीन वाचकानें अत्यंत वाईट अशा भयपटांची एक लांबलचक यादी करून पाठविली. संपादकांनीं ती लेख म्हणून छापली. वाईट काय हें ज्याला नेमकें सांगतां येतें त्याला चांगल्याची पारख असतेच. हाच डांटी पुढें ‘द हाउलिंग’ आणि ‘ग्रेमलिन्स’ या चित्रपटांचा दिग्दर्शक झाला.

आणखी एका मुलाची हकीकत अशीच आहे. त्यानें अ‍ॅकरमन यांच्याच ‘स्पेसमेन’ या दुसऱ्या मासिकाकडे स्वतः टंकलेखन केलेली एक गोष्ट पाठविली. ती छापली गेली नाहीं. सुमारें वीस वर्षांनीं तो मुलगा प्रसिद्ध कथाकार होऊन लॉस एंजेलिस येथें वाचकांना स्वाक्षऱ्या देत बसला असतां रांगेंत अ‍ॅकरमन उभे राहिले, आणि त्यांनीं तीच जुनी गोष्ट स्वाक्षरीसाठीं पुढें केली. त्या कथाकाराचें नांव स्टीफन किंग. साभार परत न करतां आणि फेंकूनहि न देतां मुलाचा कागद जपून ठेवणारा संपादक विरळाच. शनिवारीं अ‍ॅकरमन आपलें घर येणाऱ्याजाणाऱ्याला खुलें ठेवीत आणि संग्रहांतील वस्तु स्वतः फिरून दाखवीत. जें आपल्याला आवडलें तें दुसऱ्यानें पाहावें, एवढाच त्यामागें हेतु असे.

हेंच प्रेम पॅरिसमध्यें पोक्त वेषांत वावरलें. १९६२ च्या मे महिन्यांत तेथें ‘मिदी-मिनुई फँतास्तिक’ हें नियतकालिक निघालें. भयपट दाखविणाऱ्या एका चित्रपटगृहाचें नांव त्यानें घेतलें होतें. अमेरिकेंतल्या मुलांनीं ज्याच्यावर नुसतें प्रेम केलें, त्याची या मंडळींनीं काव्याची करावी तशी मीमांसा केली.

येथवरचा इतिहास करमणुकीचा वाटेल. परंतु त्याला एक करुण बाजू आहे. जुना चित्रपट नायट्रेटच्या फितीवर असे. ती फीत लवकर पेट घेते, आणि न पेटली तरी कालांतरानें कुजते. मागणी संपलेला चित्रपट सांभाळण्याचा खर्च कोण करणार? टॉड ब्राउनिंगचाच ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा १९२७ सालचा मूकपट पाहावा. उंच टोपी घातलेला, करवतीसारखे दांत दाखवीत हंसणारा लॉन चेनी त्यांत आहे. त्या मुद्रेचीं छायाचित्रें मासिकांतून पुन्हां पुन्हां आलीं, हजारों मुलांच्या पाठ झालीं. पण त्याची शेवटची ज्ञात प्रत मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या भांडारास १९६५ सालीं लागलेल्या आगींत जळाली. २००२ सालीं केवळ छायाचित्रें जोडून त्याची आकृति उभी करण्यांत आली. मूळ चित्रपट मात्र आजतागायत सांपडलेला नाहीं. लोकांनीं त्याची आठवण काढली. पण वेळेवर त्याच्या प्रतीची चौकशी कोणीं केली नाहीं.

जेथें चौकशी झाली तेथें काय घडलें, हें ‘द ओल्ड डार्क हाउस’ या चित्रपटावरून दिसतें. जे. बी. प्रीस्टली यांच्या कादंबरीवरून जेम्स व्हेल यानेंच तो १९३२ सालीं काढला. पुढें त्याचे हक्क युनिव्हर्सलकडून गेले. १९६३ सालीं त्याच कथेचा नवा चित्रपट आला, आणि जुना नाहींसा झाला असेंच सारे समजूं लागले. कर्टिस हॅरिंग्टन हा तरुण दिग्दर्शक व्हेलचा स्नेही आणि त्याच्या कलेचा निस्सीम चाहता. त्यानें युनिव्हर्सलच्या अधिकाऱ्यांकडे लकडा लावला: तळघरें धुंडाळा, प्रत असलीच पाहिजे. अखेर १९६८ सालीं मूळ नेगेटिव्ह मिळालें. त्याची नवी प्रत करण्यास रोचेस्टर येथील ईस्टमन हाउस या संग्रहालयानें साह्य द्यावें म्हणून त्यानेंच खटपट केली. आज तो चित्रपट उत्तम स्थितींत पाहावयास मिळतो, याचें श्रेय एका रसिकाच्या हट्टाला आहे.

रसिकतेला एक दुर्गुणहि चिकटतो. तो म्हणजे लोभ. एडिसन कंपनीनें १९१० सालीं काढलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा पाव तासाचा मूकपट नष्ट झाला अशी समजूत होती. वस्तुतः त्याची एक प्रत विस्कॉन्सिन संस्थानांतील एका संग्राहकाजवळ होती. तिचें मोल कळल्यावर त्यानें ती अनेक वर्षें मुठींत धरून ठेविली. प्रत वांचली ती त्याच्यामुळेंच, आणि लोकांना दुर्मिळ राहिली तीहि त्याच्यामुळेंच. त्याच्या निधनानंतर ती अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आली आणि २०१८ सालीं स्वच्छ करून सर्वांना खुली झाली. कृपणाचें धन आणि विद्वानाची विद्या यांतील भेद सुभाषितकारांनीं सांगितला आहे. तोच येथें लागू पडतो.

कायद्याची गोष्ट निराळी. चित्रफितींचा प्रसार झाल्यावर इंग्लंडांत घरोघर भयपट पोहोंचले, आणि मुलांच्या हातीं काय पडतें याची काळजी पालकांना वाटूं लागली. ती काळजी खोटी नव्हती. कांहीं फिती खरोखरच क्रौर्याचें प्रदर्शन करणाऱ्या होत्या. सरकारी अभियोक्त्यांनीं आक्षेपार्ह चित्रपटांची यादी केली. वेळोवेळीं तींत एकंदर ७२ नांवें आलीं. १९८४ च्या कायद्यानें प्रत्येक चित्रफितीला परीक्षण मंडळाचा दाखला आवश्यक केला. परिणाम मात्र विचित्र झाला. रसिकांनीं ती यादीच ‘अवश्य पाहा’ अशी शिफारस समजून जपली, आणि फितींवरून फिती उतरवून त्या टपालानें एकमेकांना पाठविल्या. या यादींत सॅम रेमी याचा ‘द ईव्हिल डेड’ होता. हाच चित्रपट स्टीफन किंग यांनीं १९८२ सालीं कान येथें पाहून मुक्तकंठानें वाखाणला होता, आणि त्या शिफारशीनें त्याचें भाग्य उघडलें होतें. इंग्लंडांत तो कांहीं न कापतां २००१ सालीं प्रसिद्ध झाला. पूर्वीं दुकानदाराला ज्याकरितां न्यायालयांत खेचलें, तेंच पुढें उघड्या फळीवर आलें.

महाराष्ट्राला हा अनुभव अगदीं अलीकडे आला. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथा मराठी घरांतून हातोहात फिरल्या. ग्रंथालयांतून आणलेलें पुस्तक एका भावानें रात्रीं वाचावें आणि सकाळीं दुसऱ्याच्या उशाशीं ठेवावें, असा तो प्रसार. धारपांच्या कथेपासून स्फूर्ति घेऊन राही अनिल बर्वे यांनीं ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट काढला. कोंकणांतील वाडा, संततधार पाऊस, पुरलेलें धन आणि पिढीजात हांव हें त्याचें द्रव्य. २०१८ च्या ऑक्टोबरांत तो आला, तेव्हां त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. पण ज्यांनीं पाहिला त्यांनीं त्याचें नांव सोडलें नाहीं. सहा वर्षें ते तो इतरांना सुचवीत राहिले. २०२४ च्या सप्टेंबरांत तोच चित्रपट पुन्हां चित्रपटगृहांत लागला, आणि पहिल्या खेपेपेक्षां अधिक उत्पन्न त्यानें दुसऱ्या खेपेला मिळविलें. लॉस एंजेलिसमध्यें १९३८ सालीं जें घडलें तेंच शहाऐंशीं वर्षांनीं येथें घडलें.

प्राचीन साहित्यशास्त्रांत सहृदयाची थोरवी गाइली आहे. कवीच्या हृदयाशीं ज्याचें हृदय जुळतें तो सहृदय. चित्रपटाच्या बाबतींत त्याच्यावर आणखी एक कर्तव्य येऊन पडतें. ग्रंथ कपाटांत शंभर वर्षें पडून राहिला तरी कोणीतरी उघडील. फीत तितका काळ थांबत नाहीं. म्हणून जें आवडलें तें वेळेवर दुसऱ्याला सांगणें आणि त्याची प्रत कोठें आहे हें विचारणें हेंच तिचें रक्षण होय. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ जळाला, ‘द ओल्ड डार्क हाउस’ उरला. दोन्ही भयपटच, दोन्ही नायट्रेटवरचे आणि दोन्ही विस्मृतींत गेलेले. दुसऱ्यासाठीं विचारणारा एक माणूस होता, एवढाच काय तो फरक.