आद्य ख्रिस्तीजनांच्या मुद्रा

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रिया नगरींत क्लेमेंट नांवाचा ख्रिस्ती पंडित होऊन गेला. त्याच्या 'पेडागॉगस' या ग्रंथांत खाण्यापिण्यापासून हंसण्यापर्यंत सर्व बाबतींत धर्मबांधवांस उपदेश आहे. त्यांत बोटांतल्या अंगठीचाही विचार आला आहे. एवढ्या क्षुल्लक वस्तूसाठीं पंडितानें लेखणी कां झिजवावी, असें वाचकांस वाटेल. पण रोमन साम्राज्यांत अंगठीच्या खड्यावर कोरलेली मुद्रा ही गृहस्थाची सहीच होती. पत्र असो, दस्तऐवज असो, मेणावर वा मातीवर तिचा ठसा उमटल्यावांचून काम भागत नसे. म्हणून दागिन्यांचा तिटकारा असलेल्या क्लेमेंटनेंही स्त्रियांस सोन्याच्या अंगठीची मुभा दिली, ती घरांतील चीजवस्तू मोहोरबंद करण्यापुरती. पुरुषांनीं अंगठी करंगळीच्या मुळाशीं घालावी, हेंही सांगावयास तो विसरत नाहीं!

मग खड्यावर कोरावें काय? मूर्तिपूजकांच्या देवता नकोत, तलवार व धनुष्य नको, मद्याचा पेला नको. कबूतर, मासा, वाऱ्यावर धांवणारें गलबत, वीणा, जहाजाचा नांगर हीं चिन्हें चालतील. वीणा ही पॉलिक्राटीसची मुद्रा होती आणि नांगर सेल्युकसची, हें क्लेमेंट स्वतःच नमूद करतो. येथें त्याचें धोरण उघड होतें. बाजारांत जीं चित्रें आहेत त्यांतलींच निवडून घ्या, असें तो सांगतो. अर्थ पाहणाऱ्याच्या मनांत राहील. ज्या समाजास इ. स. ३१३ पर्यंत राजसत्तेकडून कधीं उपेक्षा, कधीं छळ सोसावा लागला, त्यास ही सोय लहान नव्हती.

इतिहासकाराची मात्र यामुळें पंचाईत होते. नांगराच्या खड्याचा धनी ख्रिस्ती होता कीं नुसता दर्यावर्दी व्यापारी, हें कसें ठरवावें? खांद्यावर मेंढरूं घेतलेला मेंढपाळ तर ग्रीक कलेंत ख्रिस्ताच्याही आधींचा. २०२१ मध्यें इस्रायलमधील कैसरियानजीक समुद्रतळाशीं सांपडलेली, हिरव्या खड्यावर असा मेंढपाळ कोरलेली अष्टकोनी सोन्याची अंगठी ख्रिस्ती म्हणून जाहीर झाली. तसें असेलही, पण एकट्या चित्राच्या साक्षीवर निकाल देण्यास मी धजणार नाहीं. योनाची गोष्ट वेगळी. गलबतांतून समुद्रांत टाकलेला हा संदेष्टा जलचरासह खड्यावर दिसला, कीं शंका फारशी उरत नाहीं.

क्लेमेंटच्या यादींत क्रूस नाहीं. तरी ब्रिटिश म्युझियममध्यें दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतला एक खडा आहे; त्यावर क्रुसावरचा येशू कोरला असून पुत्र, पिता, येशू ख्रिस्त या नांवांस मांत्रिकांचीं निरर्थक अक्षरें जोडलेलीं आहेत. क्रुसारोहणाच्या उपलब्ध चित्रांत हें अत्यंत जुन्यांपैकीं होय. हा ताईत बाळगणाऱ्यानें कदाचित् बाप्तिस्माही घेतला नसेल. नांवांत शक्ति आहे एवढें त्यास पुरेसें होतें. मला हा खडा क्लेमेंटच्या उपदेशाइतकाच मोलाचा वाटतो, कारण लोक प्रत्यक्ष काय करीत हें तो सांगतो. पुढें चौथ्या शतकांतल्या, रुमानियांतील कॉन्स्टान्त्सा येथें सांपडलेल्या अकीकावर क्रुसावरील ख्रिस्त मोठा, दोहों बाजूंस बारा शिष्य लहान, आणि वर 'इख्थुस', म्हणजे मासा, हीं ग्रीक अक्षरें आढळतात. 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या शब्दांचीं तीं आद्याक्षरें.