न्यूमोनियाच्या प्राणी-प्रारूपांची कुळकथा

जंतुजन्य न्यूमोनियात फुप्फुसाचा दाह कसा वाढतो आणि कसा ओसरतो, हे पाहण्यासाठी तो आजार प्राण्यात मुद्दाम घडवतात. या प्रयोगांची सुरुवात मात्र फुप्फुसापासून झाली नाही. लुई पाश्चर आणि अमेरिकेतील जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी माणसाची लाळ सशांना टोचली आणि त्यांच्या रक्तात सापडलेल्या जंतूचे वर्णन 1881 मध्ये प्रसिद्ध केले. हाच पुढे न्यूमोकोकस ठरला. ससा त्याच्यापुढे इतका दुबळा, की जंतू थेट रक्तात माजत आणि फुप्फुसाला सूज येण्याआधीच तो मरे.

ही कोंडी 1904 मध्ये ऑगस्टस वॉड्सवर्थ यांनी फोडली. त्यांनी सशांत आधी थोडी प्रतिकारशक्ती निर्माण केली, मग जंतू श्वासनलिकेत सोडले; तेव्हा माणसातल्यासारखा न्यूमोनिया झाला. या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा शोध म्हणावा लागेल. दाह एकट्या जंतूमुळे होत नाही. झुंजणारे शरीरही तो घडवते. पुढे 1912 मध्ये लामार आणि मेल्टझर यांनी कुत्र्यांवर, तर 1920 मध्ये ब्लेक आणि सेसिल यांनी माकडांवर असे प्रयोग केले.

महाराष्ट्रात अशा कामाला निमित्त झाले ते प्लेगचे. त्याचा जंतू फुप्फुसात शिरला, की प्राणघातक न्यूमोनिया होतो. परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि सहकाऱ्यांनी लस, रक्तजल (सीरम) आणि सल्फा औषधे प्लेगबाधित उंदरांवर पारखली. या चाचण्यांत मुख्य कसोटी किती उंदीर जगले हीच होती. फुप्फुसातला दाह मोजणे नंतरचे.

आज भूल दिलेल्या उंदराच्या नाकात जंतूंचे थेंब सोडतात. ठरावीक तासांनी फुप्फुस धुऊन त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी आणि दाहक प्रथिने मोजतात. तरी उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाच्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात, उंदराच्या रक्तात त्या बऱ्याच कमी. शिवाय प्रयोगात दाह कमी करणारे औषध पुष्कळदा लागण होताच दिले जाते. मेळघाटातल्या दूरच्या खेड्यातून अमरावतीला आणलेले मूल मात्र अनेकदा दाह बळावल्यावरच पोचते. म्हणून उपचार उशिरा, प्रतिजैविकासोबत सुरू करून घेतलेल्या चाचण्यांना अधिक वजन द्यायला हवे.