सायकलची सीट आणि आपण बायका



परवा गच्चीवर पापड वाळत घालत होते. नात जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आज्जी, सायकलवरनं आलं की खाली दुखतंय गं. आईला सांगू नको."

मला माझेच दिवस आठवले. १९७९ साली मी गडमुडशिंगीहून कोल्हापूरला कॉमर्स कॉलेजला सायकलने जात असे. तेच दुखणं, तीच जळजळ. मीही कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी सायकल ठेवली आणि एसटी धरली. घरच्यांना वाटलं, पोरीला झेपलं नाही. मलाही तसंच वाटत राहिलं. आता नातीमुळे या सीटचा इतिहास वाचला, तेव्हा मनातली ती जुनी बोच गेली.

दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी आजच्यासारखी सायकल १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन स्टार्ली यांनी बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांची हवेची धाव आली आणि हादरे कमी झाले. सीट मात्र घोड्याच्या खोगिराच्या वळणाची. बर्मिंगहॅमचे ब्रूक्स मूळचे घोड्याचं चामडी सामान करणारे. त्यांनी १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. ताणलेलं चामडं बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे हळूहळू आकार घेतं, म्हणून ती सीट नावाजली. पण तेव्हा बसणारे बहुतेक पुरुषच.

१८९० नंतर तिकडच्या बायका मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या. सीटचा दाब नाजूक जागी येतो, असं डॉक्टर लिहू लागले. मग मधे फट असलेल्या, दोन वेगळ्या गाद्यांच्या सीटा निघाल्या. पण त्या फार टिकल्या नाहीत. पुढे बायकांच्या सीटचं नाक आखूड झालं, तेही घागरा अडकू नये म्हणून! कपड्याचा विचार झाला, अंगाचा राहिलाच. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली आणि १९९० च्या दशकात मधे पोकळी असलेली बायकांची सीट आणली. म्हणजे मी सायकल सोडली, तेव्हा हे काही बाजारात नव्हतंच.

आपल्याकडेही तोच प्रकार. पाचवारी साडीसाठी दांडा खाली घेतला, मागच्या चाकाला जाळी लावली, तिला लेडीज सायकल म्हटलं. १९९० च्या सुमारास तमिळनाडूत पुदुक्कोट्टईच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या; पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच आवडल्या. साडीने बाई अडली नाही. दुखणं मात्र कुणी विचारायचं?

खरं कारण साधं आहे. बसताना आपला भार खालच्या दोन हाडांवर यायला हवा. बायकांमध्ये ही हाडं साधारणपणे जास्त अंतरावर असतात. सीट अरुंद असली की भार मधल्या मऊ भागावर येतो. फार मऊ गादीही तेच करते: हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन दाबतो.

मी पाटावर खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा ठेवला, नातीला त्यावर ताठ बसवलं आणि दोन खड्ड्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं. बारा सेंटीमीटर भरलं. सीट यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर रुंद लागते, ताठ बसून चालवायची तर आणखी थोडी. तिच्या सायकलची सीट तेरा सेंटीमीटर होती! सोळाची, मधे खाच असलेली आणली, नाक किंचित खाली केलं. चामडं आपल्याला चालत नाही, म्हणून रेक्झिनचीच आहे, हे दुकानात विचारून घेतलं. पंधरा दिवसांत तक्रार थांबली. न थांबती, तर डॉक्टरबाईंकडे नेणारच होते.

आपल्यात कायक्लेश हे सहा बाह्य तपांपैकी एक. पण तप समजून-उमजून, स्वेच्छेने करायचं असतं. चुकीच्या मापाच्या सीटवर लाजेपोटी सोसलेलं दुखणं त्यात कसं धरायचं? तुमच्या घरातली पोरगी सायकल नको म्हणू लागली, तर तिला बोल लावण्याआधी सीटचं माप घ्या. आणि तिला जवळ बसवून विचारा. आमच्या वेळी तेवढंच राहून गेलं.