बीड जिल्हा : घनकचरा व वातावरणीय बदलाचे स्थानिक नियोजन

बीड जिल्ह्यातील नागरी व ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्थांनी कचरा कमी करणे, ओल्या कचऱ्याचे खत करणे, तसेच अवर्षण व अतिवृष्टीला तोंड देणे यांसाठी करावयाचे नियोजन. मराठवाड्यातील या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ असून तीपैकी सुमारे ८० टक्के ग्रामीण आहे. अकरा तालुक्यांपैकी बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई व धारूर येथे नगरपरिषदा, तर केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार व वडवणी येथे नगरपंचायती आहेत. उर्वरित भाग जिल्हा परिषद व हजारावर ग्रामपंचायतींच्या कक्षेत येतो.

कायदेशीर चौकट : ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हा नागरी संस्थांचा विषय ठरला. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक असे कचऱ्याचे वर्गीकरण घरातच करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या व एकदाच वापराच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. ग्रामपंचायतींसाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा एक हिस्सा स्वच्छता व पाणी या कामांसाठी बंधित ठेवण्यात आला.

कचरा आणि हवामान : ओला कचरा डेपोवर ढिगाने साचला, की हवेअभावी कुजून त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजवला, तर मिथेन फार कमी निघतो व खत हाती येते. बालाघाटच्या डोंगररांगांतील हलक्या, उथळ जमिनींना अशा खताची मोठी गरज आहे. सेंद्रिय पदार्थ वाढले की माती ओल अधिक काळ धरते. त्यामुळे बीडमध्ये कचऱ्याचे नियोजन हे कोरडवाहू शेतीचेही नियोजन ठरते.

खेडेगावात यासाठी नाडेप टाकी सोयीची आहे. नारायण देवताव पांढरीपांडे यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे ही पद्धत विकसित केली. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा विटांच्या टाकीच्या भिंतींत हवेसाठी भोके ठेवतात. काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर एकावर एक देऊन वरून शेणमातीने लिंपतात. ओलावा टिकवल्यास तीन-चार महिन्यांत खत तयार होते. पऱ्हाटी व उसाचे पाचट पेटवून न देता बारीक करून कुजवले, तर धूर टळतो आणि शेतातले शेतातच राहते.

माझी वसुंधरा अभियान : राज्याच्या पर्यावरण विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेल्या या अभियानाने कचरा व हवामान हे विषय एकाच आराखड्यात आणले. पहिल्या वर्षी राज्यातील ६८६ स्थानिक संस्था त्यात होत्या. भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांनुसार कामांचे मूल्यमापन होते. वृक्षलागवड व घनकचरा भूमी या तत्त्वाखाली येतात, जलसंधारण व सांडपाणी जल या तत्त्वाखाली, ऊर्जाबचत व सौरऊर्जा अग्नी या तत्त्वाखाली, तर लोकजागृती आकाश या तत्त्वाखाली.

पाणी : बीड शहरातून बिंदुसरा नदी वाहते, १९८९ मध्ये तिच्या पुराने शहरात मोठी हानी केली. नाल्यांत प्लॅस्टिक व राडारोडा अडकल्यास पावसाचे पाणी वस्तीत शिरते, म्हणून पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हे हवामानाशी जुळवून घेण्याचेच काम आहे. दुसऱ्या टोकाला पाणीटंचाई आहे : परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातील संच २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

अंमलबजावणीतील प्रश्न : सर्वांत मोठी अडचण वर्गीकरणाची. घरात वेगळा केलेला कचरा घंटागाडीत एकत्र झाला, तर नागरिकांचा विश्वास उडतो; म्हणून गाडीत स्वतंत्र कप्पे आणि पुढे खतनिर्मितीची जागा हे दोन्ही आधी हवेत. सुका कचरा मुख्यतः भंगारवाले व कचरावेचक उचलतात. त्यांना ओळखपत्रे, हातमोजे व कचरा निवडण्यासाठी शेड देऊन व्यवस्थेत सामावून घेणे नियमांनाही अभिप्रेत आहे.

जिल्ह्याचा आणखी एक प्रश्न हंगामी स्थलांतराचा. पावसाळा सरताच लाखो ऊसतोड मजूर कारखान्यांच्या भागांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभा प्रामुख्याने २ ऑक्टोबरपासून वर्षअखेरपर्यंत होतात. तोवर ही कुटुंबे गाव सोडू लागलेली असतात. पाणी, शौचालय व कचरा यांची सर्वाधिक झळ सोसणाऱ्या या कुटुंबांचे म्हणणे आराखड्यात यावे, यासाठी टोळ्या निघण्यापूर्वी वस्तीनिहाय बैठका घेणे आवश्यक आहे.