रामदास बोट आणि मान्सूनची लाट
१/ १७ जुलै १९४७. दिव्यांच्या अमावस्येसाठी गावी निघालेल्या प्रवाशांना घेऊन रामदास बोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली.

२/ काशाच्या खडकाजवळ प्रचंड लाट आदळली व बोट कलली. भेदरलेले प्रवासी एका बाजूस धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले.

३/ ही लाट आली कोठून? वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा काळ आणि पाण्यावरील त्याच्या वाटचालीचे अंतर, या तिहींवर लाटेचे बळ ठरते. उत्तर अटलांटिकच्या थंड समुद्रातील वादळे थोड्याच दिवसांत पुढे सरकतात. अरबी समुद्रात मात्र दक्षिण हिंदी महासागरावरील जादा दाब व तापलेल्या वायव्य भारतावरील कमी दाब यांमुळे नैर्ऋत्य वारा आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून कोकणापर्यंत आठवडेच्या आठवडे वाहतो.

४/ उथळ पाण्यात शिरताच लाटेचा वेग घटतो, उंची वाढते.

५/ कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत. त्या रूढीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हाच अनुभव होता. रामदास निघाली, तेव्हा नारळी पौर्णिमेस अद्याप दीड महिना अवकाश होता.